वाट, वाहन आणि वाटाड्या

गेल्या हिवाळ्यांत आमच्या एका वृद्ध आप्तांस घेऊन नांदेडास जाण्याचा प्रसंग आला. गुडघ्यांच्या विकारामुळें त्यांस फार चालवत नाहीं. परंतु गोदातीरावरील हें प्राचीन नगर एकदां डोळ्यांनीं पाहावें अशी त्यांची फार दिवसांची इच्छा होती. म्हणून विजेवर चालणारी एक रिक्षा दिवसभरासाठीं ठरविली. रिक्षावाला मोठा अगत्यशील होता. धूर नाहीं, आवाज नाहीं, अशी ती गाडी सचखंड गुरुद्वारापासून निघून एकामागून एक पवित्र स्थानें दाखवीत फिरली. प्रत्येक ठिकाणीं रिक्षावाल्यानें चार वाक्यांत तेथील कथा सांगावी आणि आमच्या आप्तांनीं हात जोडून ती ऐकावी, असा क्रम दुपारपर्यंत चालला. नंतर नदीकांठच्या जुन्या किल्ल्याकडे गाडी घेण्यास आम्ही सांगितलें, तेव्हां तो किंचित् विस्मयानें म्हणाला, "तिथं बघण्यासारखं काही नाही, काका."

ह्या उत्तराबद्दल त्यास दोष देण्याचें कारण नाहीं. जी वाट त्यास वडीलधाऱ्यांकडून व यात्रेकरूंच्या मागणीमुळें ठाऊक झाली, ती तो बिनचूक जाणत होता; किल्ला त्या वाटेवर नव्हता, एवढेंच. परंतु त्याचें तें वाक्य मनांत घोळत राहिलें. जुन्या नगरांत गेलेल्या मनुष्यास काय दिसतें, हें त्याच्या डोळ्यांवर जितकें अवलंबून असतें त्याहून अधिक तें त्यास फिरविणाऱ्या वाटेवर आणि वाटाड्यावर अवलंबून असतें. वाहनाची चर्चा हल्लीं फार होते. वाटेची व वाटाड्याची क्वचित् होते. वस्तुतः इतिहासाच्या दृष्टीनें महत्त्वाच्या ह्याच दोन गोष्टी होत, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम वाहनाचा विचार करूं. युरोपांतील कित्येक ऐतिहासिक नगरांत ह्या शतकाच्या आरंभापासून एक नवें दृश्य दिसूं लागलें. सेग्वे नांवाचें एक विजेचें वाहन डीन केमेन ह्या अमेरिकन संशोधकानें ३ डिसेंबर २००१ रोजीं जगापुढें मांडलें. शेजारीं शेजारीं दोन चाकें, मध्यें उभें राहण्यापुरती फळी, आणि हातांत धरावयास एक दांडा, इतकेंच त्याचें बाह्य स्वरूप. उभ्या असलेल्या मनुष्यानें पुढें झुकावें म्हणजे तें पुढें जाई. मागें रेलावें म्हणजे त्याची गति मंदावून तें थांबे. आंतील यंत्रणा शरीराचा कल क्षणोक्षणीं मोजून चाकांस तशी गति देत असल्यामुळें दोनच चाकांवर असूनही त्याचा तोल जात नसे. वेग ताशीं सुमारें २० किलोमीटर. ह्या वाहनामुळें मोटारींची गर्दी हटेल आणि शहरांची रचनाच पालटेल, अशी त्याच्या जनकाची अपेक्षा होती. तसें कांहीं झालें नाहीं. नित्याच्या कामाकरितां लोकांनीं तें फारसें घेतलें नाहीं. घेतलें तें मुख्यतः पोलिसांनीं, मोठ्या इमारतींच्या रखवालदारांनीं आणि प्रवाशांस नगरदर्शन घडविणाऱ्या व्यावसायिकांनीं. पांचदहा प्रवाशांनीं शिरस्त्राणें घालावीं, अर्धा तास तोल सांभाळण्याचा सराव करावा, आणि वाटाड्याच्या मागें बदकांच्या रांगेप्रमाणें जुन्या गल्ल्यांतून निघावें, असा तो थाट असे.

प्राग ह्या नगराचें उदाहरण येथें बोधप्रद आहे. बोहेमियाचे राजे राज्याभिषेकाच्या वेळीं ज्या वाटेनें मिरवत जात, ती वाट तेथें अद्याप दाखवितात. दारूगोळ्याच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या जुन्या बुरुजापासून ती निघते, जुन्या नगराच्या चौकांतून जाते, चौथ्या चार्ल्स राजानें १३५७ सालीं ज्याचा पाया घातला त्या दगडी पुलावरून नदी ओलांडते आणि पलीकडील टेकडीवरच्या राजवाड्यापाशीं संपते. राजे गेले, राज्य गेलें, तरी आजचा परदेशी प्रवासी बहुधा त्याच वाटेनें चालतो. ह्या अरुंद, दगडी फरसबंदीच्या भागांत दुचाकी विद्युद्वाहनांच्या रांगा इतक्या वाढल्या कीं, पायीं चालणाऱ्या नागरिकांस त्या असह्य झाल्या. आणि २०१६ सालीं नगरपालिकेनें मध्यवस्तींत त्यांस बंदी केली. पुढें २०२० च्या जुलैंत त्या मूळ वाहनाचें उत्पादनच थांबलें. म्हणजे ज्या वाहनानें शहरांची घडण बदलावयाची होती, तें दोन दशकेंही टिकलें नाहीं. आणि ज्या वाटेवरून तें धांवलें, ती मात्र अनेक शतकें टिकून आहे.

वाटाड्यांचा इतिहासही असाच मनोरंजक आहे. इटलींत प्राचीन अवशेष दाखविणाऱ्या मनुष्यास 'चिचेरोने' म्हणत. रोमचा प्रख्यात वक्ता सिसेरो ह्याच्या नांवावरून हा शब्द निघाला. ह्या मंडळींची वाचाळता पाहून कोणा थट्टेखोरानें तो रूढ केला असावा. १८४१ सालीं टॉमस कुक ह्यानें लेस्टर येथील मद्यपाननिषेधक मंडळींस आगगाडीनें लफबरो येथें नेऊन आणलें, आणि तेव्हांपासून एकट्याचा प्रवास समुदायाचा होऊं लागला. त्याच सुमारास जर्मनींत कार्ल बेडेकर ह्याचीं मार्गदर्शक पुस्तकें प्रसिद्ध झालीं. विशेष प्रेक्षणीय स्थळापुढें तारा छापण्याची पद्धति त्यांनीं रूढ केली, आणि तिचे परिणाम दूरवर पोंचले. ज्या देवळापुढें तारा, तेथें गर्दी. ज्यापुढें तारा नाहीं, तें शेजारीं असूनही अदृश्य! आमच्या रिक्षावाल्याचें "काही नाही" आणि बेडेकरचा नसलेला तारा ह्यांत तात्त्विक भेद फारसा नाहीं.

ह्यावरून कोणी असें समजेल कीं, स्थलदर्शनाची ही विद्या आपण पाश्चात्त्यांपासून शिकलों. तो समज चुकीचा ठरेल. चौदाव्या शतकांत महानुभाव पंथाच्या मुनिव्यासांनीं मराठींत 'स्थानपोथी' नांवाचा ग्रंथ रचला. श्रीचक्रधरस्वामी ज्या ज्या गांवीं गेले, जेथें बसले, जेथें निजले, तीं स्थानें तींत नोंदलेलीं आहेत. आणि तीं नोंदतांना देवळाचें तोंड कोणत्या दिशेस, दार कोठें, अमुक स्थान तमुकाच्या कोणत्या बाजूस, अशा खुणा बारकाईनें दिल्या आहेत. हेतु हा कीं, स्वामींस प्रत्यक्ष न पाहिलेल्या पुढील पिढ्यांतील साधकानें पायीं चालत जाऊन नेमकें तेंच स्थान ओळखावें. भक्तीच्या पोटीं जन्मलेला हा ग्रंथ यादवकालीन महाराष्ट्राच्या नगररचनेचें व वास्तूंचें एक विश्वसनीय साधन झाला आहे. तींतील कांहीं देवळें आज उरलीं नाहींत. परंतु तीं कोठें होतीं हें आपणांस कळतें. वाटाड्यानें आपलें काम चोख केलें, तर दगड नाहींसे झाल्यावरही स्थळ नाहींसें होत नाहीं, ह्याचा ह्याहून चांगला पुरावा कोणता?

दुसरा आपल्याकडील वाटाड्या म्हणजे क्षेत्रोपाध्याय. काशीस, नाशिकास अथवा त्र्यंबकेश्वरास गेलेल्या कुटुंबास ते गांव आणि कुळ विचारीत, आणि आपल्या वहींतून आजोबा-पणजोबांचीं नांवें वाचून दाखवीत. त्यांच्या दक्षिणेच्या हट्टाविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे, आणि तें सर्वस्वीं खोटें नाहीं. तथापि येणाऱ्या मनुष्यास क्षेत्राशीं जोडण्याची जी हातोटी त्यांजपाशीं होती, ती आजच्या पगारी मार्गदर्शकापाशीं क्वचितच आढळते. तो स्थळाची माहिती सांगतो. क्षेत्रोपाध्याय त्या स्थळीं तुमचा पूर्वज कधीं उभा होता हें सांगत असे.

आतां नांदेडाकडे वळूं. ह्या नगराचा सर्वांत जुना ज्ञात लेख वाटेशींच निगडित आहे, हा योगायोग लक्षांत ठेवण्याजोगा आहे. १९३९ सालीं वाशीम येथें वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ति ह्याचा ताम्रपट सांपडला. इसवी सनाच्या चौथ्या शतकांतील ह्या राजानें आपल्या राज्यकालाच्या ३७ व्या वर्षीं ब्राह्मणांस एक गांव दान दिलें. आणि तें गांव नांदिकडाच्या उत्तर मार्गांत आहे, असें त्यांत म्हटलें आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी ह्यांनीं हें नांदिकड म्हणजे नांदेड असें ठरविलें. येथें 'मार्ग' म्हणजे प्रांताचा एक विभाग. परंतु विभागास मार्ग म्हणावें, ह्यावरून राज्य वाटांच्या आधारें मोजण्याची त्या काळची दृष्टि सूचित होते. पुढें सतराव्या शतकांत ताव्हर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या सुरतेहून गोवळकोंड्यास जाण्याच्या मार्गाचें टिपण देतो, त्यांतही नांदेडचा मुक्काम येतो. त्याच्या लेखीं हें गांव म्हणजे नदी ओलांडण्याची व गाडीमागें कर भरण्याची जागा. हिऱ्यांच्या शोधांत असलेल्या व्यापाऱ्यास त्याहून अधिक कांहीं दिसलें नाहीं. कारण त्याची वाट बाजाराची होती.

१७०८ सालीं मात्र नांदेडच्या इतिहासानें निराळेंच वळण घेतलें. कामबक्षाच्या पारिपत्यासाठीं बहादुरशहा दक्षिणेंत उतरला, त्याच्या छावणीबरोबर शिखांचे दहावे गुरु श्रीगोविंदसिंग येथें आले. येथेंच माधोदास बैराग्याची व त्यांची भेट होऊन तो बैरागी पुढें बंदा बहादूर म्हणून पंजाबांत प्रसिद्धीस आला. येथेंच गुरूंवर मारेकऱ्यानें घाव घातला. आणि आपल्यामागें ग्रंथसाहेब हेच गुरु होत असें सांगून त्यांनीं ऑक्टोबर १७०८ मध्यें देह ठेविला. महाराजा रणजितसिंग ह्यांनीं १८३२ ते १८३७ ह्या काळांत त्या स्थानीं गुरुद्वारा बांधविला. पंजाब कोठें आणि गोदावरी कोठें! परंतु विसाव्या शतकाच्या आरंभीं मनमाड-हैदराबाद लोहमार्ग झाला, पुढें अमृतसराहून थेट गाडी सुरू झाली, आणि २००८ सालीं गुरुगादीच्या त्रिशताब्दीनिमित्त नांदेडचे रस्ते रुंद होऊन नदीचे घाट बांधले गेले. तेव्हांपासून ही यात्रा कितीतरी सुलभ झाली आहे.

ह्या यात्रेंतील फेरीची रचना पाहण्यासारखी आहे. हिराघाट म्हणजे बादशहानें दिलेला हिरा गुरूंनीं जेथें नदींत टाकला ती जागा. नगिनाघाट म्हणजे एका भक्तानें अर्पण केलेल्या रत्नाचीही तीच गति झाली ती जागा. बंदाघाट म्हणजे माधोदासाचा आश्रम. संगतसाहेब म्हणजे सैनिकांस ढालींनीं द्रव्य वांटल्याची आठवण. मालटेकडी म्हणजे तें द्रव्य जेथून निघालें तें स्थान. माता साहेब म्हणजे मातेचा निवास. ह्यांतील कथांस परंपरेचा आधार आहे, समकालीन कागदाचा प्रत्येक वेळीं नाहीं. पण तो मुद्दा येथें गौण आहे. एका महापुरुषाच्या आयुष्याचे अखेरचे थोडेसे दिवस एका नगराच्या भूमीवर अशा रीतीनें मांडले गेले आहेत कीं, अक्षरशत्रु यात्रेकरूही अर्ध्या दिवसांत ते वाचून परततो. तीनशें वर्षें ही स्मृति जी ताजी राहिली, ती ग्रंथांनीं जितकी राखली तितकीच ह्या फेरीनें राखली. फेरी टांग्यानें झाली काय, मोटारीनें झाली काय, किंवा आमच्यासारखी विजेच्या रिक्षानें झाली काय, तिचा अर्थ बदलला नाहीं.

परंतु नांदेड म्हणजे १७०८ चे कांहीं दिवस नव्हेत. वाकाटकांचें नांदिकड, गोदेवरचा किल्ला, जुन्या वस्तींतील वाडे, मशिदी व देवळें, हैदराबाद संस्थानाचा काळ व १९४८ सालीं त्याचा झालेला शेवट, हें सर्व ह्याच भूमीवर घडलें. आणि ह्यांपैकीं कशासही फेरी नाहीं. नांदेडपासून सुमारें ५० किलोमीटरांवरील कंधाराची तीच कथा. राष्ट्रकूट तृतीय कृष्ण स्वतःस कंधारपुराचा अधीश्वर म्हणवीत असे. तेथील जगत्तुंग तलाव, खंदकानें वेढलेला भुईकोट, आणि एके काळीं मनुष्याच्या कित्येक पट उंच असलेल्या क्षेत्रपालाच्या मूर्तीचे भग्न अवयव, हें पाहून कोणाही इतिहासप्रेमी मनुष्याचें मन थक्क व्हावें. पण तेथें जो जातो तो मुद्दाम जातो; वाट त्यास नेत नाहीं.

लातुराचा प्रश्न ह्याहूनही बिकट आहे. राष्ट्रकूट सम्राट् अमोघवर्ष हा 'लट्टलूरपुरवराधीश्वर' हें बिरुद मिरवी, आणि तें लट्टलूर म्हणजे आजचें लातूर असें विद्वान् मानतात. दक्षिणेंतील एवढ्या मोठ्या राजकुलानें ज्या गांवाचें नांव अभिमानानें लावलें, तें गांव आज लोकांस आठवतें तें डाळींच्या बाजारपेठेमुळें व परीक्षांतील गुणांमुळें. १९११ सालीं बार्शीची अरुंद रुळांची आगगाडी लातुरापर्यंत आली व पेठ वाढली. १९१७ सालीं गंजगोलाईची इमारत उभी राहिली. मध्यें वर्तुळ आणि त्यास येऊन मिळणारे १६ रस्ते, अशी तिची आंखणी आहे. आजही त्या गोलाईंत उभें राहिलें म्हणजे १६ दिशांनीं माणसें आणि माल येतांना दिसतो. इतक्या वाटा असलेल्या ह्या नगरांतून इतिहासाकडे जाणारी मात्र एकही ठरलेली वाट नाहीं, ही खेदाची गोष्ट होय.

वास्तविक अशी वाट इतिहासानेंच घालून ठेविली आहे. १७६० च्या आरंभीं सदाशिवरावभाऊंच्या फौजेनें सलाबतजंग व निजामअली ह्यांस उदगीरच्या टापूंत गांठलें. मोगल सैन्य उदगीराहून औशाच्या रोखानें सरकूं लागलें. मराठे त्यास वाटभर वेढून झोडपीत होते. इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनीं आपला प्रभाव दाखविला. आणि ३ फेब्रुवारीच्या लढाईनंतर निजामास तह करणें भाग पडलें. ह्याच विजयाच्या भरांत भाऊ उत्तरेस निघाले, आणि वर्षाच्या आंत पानिपत झालें. उदगीरचा किल्ला उभा आहे, औशाचा किल्ला उभा आहे, मधली भूमीही जागच्या जागीं आहे. शाळेंतील प्रत्येक मूल पानिपत जाणतें. पण पानिपताकडे नेणारी ही वाट आपल्या घरापुढून गेली, हें लातूरच्या किती मुलांस ठाऊक असेल? औशापलीकडे खरोशाचीं लेणीं आहेत, निलंग्याचें नीलकंठेश्वराचें देवालय आहे. एका दिवसाच्या फेरींत हें सर्व बसूं शकेल.

ह्या कामीं विलंब कां नको, ह्याचें एक दुःखद कारण आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपानें ह्याच भागांतील हजारों माणसें गाडलीं गेलीं. वांचलेल्यांसाठीं नवीं गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं. घरें मिळालीं, रस्ते मिळाले. परंतु जुन्या गांवांत वेस कोठें होती, मारुती कोणत्या बाजूस, कोणाचा वाडा कोणत्या गल्लींत, हें सांगणारीं माणसें आतां वृद्ध झालीं आहेत. त्यांच्या बरोबर ती माहिती जाईल. सातशें वर्षांपूर्वीं चक्रधरस्वामी कोणत्या देवळांत बसले हें स्थानपोथीमुळें आपण सांगूं शकतों. आणि १९९३ पूर्वींच्या गांवाची वेस कोणत्या बाजूस होती हें आणखी वीस वर्षांनीं सांगतां येणार नाहीं, ह्यास काय म्हणावें?

असो. विजेच्या वाहनांस आमचा विरोध नाहीं, हें पुन्हां स्पष्ट करतों. माथेरानास २०२२ च्या डिसेंबरांत विजेच्या रिक्षांचा प्रयोग झाला, तेव्हां माणसानें माणूस ओढण्याच्या प्रथेस पर्याय दिसला, हा लहान लाभ नव्हे. वृद्धांस व अपंगांस जुनें नगर पाहण्याचा जो हक्क आजवर नाकारला गेला, तो अशा वाहनांनीं मिळत असेल तर त्यांचें स्वागतच करावें. आमचें म्हणणें एवढेंच कीं, क्रम उलटा होऊं नये. आधीं वाहन घ्यावें, मग तें जेथें सहज वळेल तेथें प्रवाशांस न्यावें, आणि शेवटीं कोणी तरी चार वाक्यें पाठ करून म्हणावीं, ह्या पद्धतीनें प्रागमध्यें काय झालें तें आपण पाहिलें. प्रथम वाट आंखावी. मग त्या वाटेवरील प्रत्येक स्थानाची माहिती सोप्या मराठींत लिहावी, आणि लेखी पुरावा कोणता व परंपरा कोणती हें तींत प्रामाणिकपणें वेगळें सांगावें. नांदेडास १९९४ पासून स्वामी रामानंद तीर्थांच्या नांवाचें विद्यापीठ आहे. दोन्ही जिल्ह्यांत महाविद्यालयें आहेत, इतिहासाचे शिक्षक आहेत. त्यांनीं व त्यांच्या विद्यार्थ्यांनीं मनांत आणलें तर एका उन्हाळ्याच्या सुटींत नांदेड, कंधार, औसा आणि उदगीर ह्यांची नवी स्थानपोथी तयार होण्यास हरकत कोणती? ती रिक्षावाल्यांच्या हातांत द्यावी. त्यांच्याइतका श्रोता कोणत्याही अध्यापकास मिळत नाहीं.

त्या दिवशीं आमच्या आग्रहास्तव रिक्षावाल्यानें गाडी किल्ल्यापाशीं नेलीच. आमच्या आप्तांस वर चढणें शक्य नव्हतें. ते गाडींतच बसून राहिले, आणि नदीकडे पाहत आम्ही त्यांस ताम्रपटांतील नांदिकडाची हकीकत सांगितली. बोलणें संपल्यावर पाहतों तों रिक्षावालाही खालीं उतरून, गाडीच्या छतास हात टेकून ऐकत उभा. थोडा वेळ तो भिंतीकडे पाहत राहिला, मग म्हणाला, "काका, हे सगळं कुठं लिहिलेलं आहे? मला वाचायला मिळंल का?"

त्यास देण्याजोगें एक लहानसें मराठी पुस्तक आमच्यापाशीं नव्हतें. परत येतांना आम्ही त्याचा पत्ता लिहून घेतला आहे.